मांडवीच्या पाखाडीतलं बंद घर

ही नुसती ऐकीव गोष्ट नाही. माझ्या आजोबांच्या उजव्या हाताला अंगठा आणि एकच बोट होतं. दोन्ही दंडांवर पांढरे, जाड वण होते. लहानपणी मी त्या वणांवरून बोट फिरवायचो आणि ते हात मागे घ्यायचे. ज्याने तो हात पाहिलाय, त्याला ही गोष्ट खोटी वाटणार नाही.

साल १९३४. वैशाखातली भर दुपार. जागा, रत्नागिरीची मांडवी.

आजोबांचं नाव रामा. आमचं गाव संगमेश्वरच्या वर, डोंगरात. दरवर्षी वैशाखात, आणि पुन्हा पावसाळ्यानंतर, गावच्या बैलगाड्या एकामागून एक रत्नागिरीला निघायच्या. जाताना बांबू आणि हिरडा, येताना मीठ आणि सुकी मासळी. रात्री चालायचं आणि दिवसा झाडाखाली बैल सोडायचे. त्या तांड्याचे पुढारी होते भागोजी, आजोबांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहिणीचं नाव चिमा. आम्ही तिला आते म्हणायचो. हे सगळं मला तिनेच सांगितलं. आजोबा त्या दिवसाबद्दल कधी बोलले नाहीत.

आतेने तोवर समुद्र पाहिला नव्हता. त्या वर्षी हट्ट धरून ती गाडीत बसली.

सकाळी गाड्या तळावर लागल्या. माल उतरला. भागोजी, आते आणि आजोबा शहर बघायला निघाले. बाजार पाहिला. बंदरावर गलबतं पाहिली. आते गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि बाहेर येईना. भागोजी तिला हसत होते.

परत येताना उन्हाची तलखी वाढली, म्हणून ते नारळीच्या सावलीतल्या एका पाखाडीत शिरले. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, कमरेएवढ्या भिंती. मधून जेमतेम दोन माणसं जातील एवढी वाट.

थोडं चालल्यावर आतेच्या लक्षात आलं...

कावळा ओरडत नव्हता. समुद्राची गाज हाकेच्या अंतरावर होती, तीसुद्धा ऐकू येईना.

फक्त एक आवाज.

ठक्...

ठक्...

कुणीतरी कोयत्याने नारळ सोलत असेल, असं आजोबा म्हणाले. पाणी तरी मिळेल. ते पुढे झाले.

वळणावर एक कौलारू घर होतं. पडवीत एक बाई उभी होती. हिरवं लुगडं, हनुवटीवर मोठा तीळ. एका हाताने तिने दाराची चौकट घट्ट धरली होती. ती आजोबांकडे बघत होती. ओरडली नाही. अगदी हळू बोलली.

"दादा, आत या. तो मला मारतोय."

ठक्... आवाज थांबला.

कुणीतरी आतून ओढावं, तशी बाई घरात गेली.

आजोबांचं वय तेव्हा विशीचं. अंगात रग होती. ते धावत आत शिरले. भागोजी मागून म्हणाले, थांब, आधी बघू दे. पण ते थांबले नाहीत.

मग काहीच नाही.

किती वेळ ते आतेला सांगता यायचं नाही. भागोजींनी दोनदा हाक मारली. ओ आली नाही.

आणि मग आजोबांची किंकाळी.

भागोजी आत धावले. त्यांच्यामागे आते. बाहेरच्या उन्हामुळे आधी काही दिसेना. मग दिसलं...

आजोबा जमिनीवर पडले होते. दोन्ही हात डोक्यावर धरलेले. आणि त्या हातांवर घाव पडत होते.

मारणारा कुणीच नव्हता.

मांस उघडत होतं. हाडावर पातं बसल्याचा आवाज येत होता. रक्त भिंतीवर उडत होतं. आतेच्या डोळ्यांदेखत बोटं तुटून पडली. समोर रिकामी जागा होती, आणि त्या रिकाम्या जागेतून कुणीतरी जोरजोरात श्वास घेत होतं. लाकूड फोडताना माणूस घेतो तसा.

भागोजींनी आजोबांच्या काखेत हात घालून त्यांना ओढायला सुरुवात केली. त्यांच्या पाठीवर एक घाव बसला. सदरा फाटला, पाठ फाटली. ते गुडघ्यावर आले, पण मेहुण्याला सोडलं नाही.

तेवढ्यात कोपऱ्यातून कुणीतरी आतेचं मनगट धरलं.

तीच बाई. गळ्यावर आडवा वार होता. रक्त लुगड्यावर ओघळत होतं.

"भुताचा हात गार असतो म्हनतात," आते मला सांगायची. "हिचा गरम व्हता. तापलेला."

आतेने तिला दोन्ही हातांनी ओढलं. बाई उंबऱ्यापर्यंत आली. तिथून पुढे येईना. पलीकडून तिचे केस कुणीतरी धरले होते. केस ताणलेले दिसत होते, धरणारा हात दिसत नव्हता. तिची मान मागे मागे जात होती आणि वार आणखी उघडत होता. आते सोडायला तयार नव्हती. आता आतेचेही पाय आत घसरू लागले.

आजोबांना अंगणात टाकून भागोजी परत फिरले. त्यांनी त्या बाईची बोटं आतेच्या मनगटावरून एकेक करून उकलली.

बाई आत गेली. दार आपटलं.

आणि आतून, सावकाश...

ठक्...

ठक्...

शेजारच्या वाडीतून माणसं धावत आली. पुढे यमुनाबाई नावाची वयस्क बाई होती. तिने आजोबांना पाहिलं आणि स्वतःचं लुगडं फाडून त्यांचा हात बांधला. आते ओरडून सांगत होती, आत बाई आहे, तिला काढा.

कुणी हललं नाही.

आतेने मागे वळून पाहिलं. दाराला कुलूप होतं. खाऱ्या वाऱ्याने गंजून एकजीव झालेलं.

यमुनाबाईने जे सांगितलं ते असं. घर लवू तांडेलाचं. काही वर्षांपूर्वी बायकोवरच्या संशयाच्या भरात त्याने आपल्या धाकट्या भावाला, हरिश्चंद्राला, याच घरात भर दुपारी कोयत्याने तोडलं. बायको कमळा मागच्या दाराने पळाली, म्हणून वाचली. लवूला फाशी झाली. तेव्हापासून घर बंद.

आतेने बाईचं वर्णन केलं. हिरवं लुगडं, हनुवटीवर तीळ.

यमुनाबाईने आतेला दंडाला धरून घरापासून दूर नेलं.

"ती तर कमळा. पन बाय माजे, कमळा मेलेली नाय. मुंबईला भावाकडं हाय. शिमग्याला आमची मानसं तिला भेटून आली."

आजोबांना इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, घाव कोयत्याचे आहेत. पोलीस आले. आधी भागोजींवरच संशय होता, पण कोयता कुठेच सापडला नाही. पंचांना घेऊन पोलिसांनी कुलूप तोडलं. आत जमिनीवर धुळीचा थर होता. पाऊल नाही. रक्ताचा थेंब नाही. भिंती कोरड्या.

रक्त अंगणापासून सुरू होत होतं.

आजोबा शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? हाताबद्दल नाही.

"बाई भायेर आली काय?"

भागोजी हो म्हणाले.

पावसाळा सरल्यावर गाड्या पुन्हा रत्नागिरीला गेल्या. आते आणि आजोबा गेले नाहीत. भागोजी गेले आणि यमुनाबाईला भेटून आले. घरी आल्यावर ओटीवर पागोटं काढून ठेवलं. मग सांगितलं.

कमळा वारली होती. मुंबईत, चाळीतल्या खोलीत, वैशाखातल्या त्याच दुपारी. भाऊ गिरणीत होता. दाराला आतून कडी. शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा ती उंबऱ्याशी पडली होती. गळ्यावर वार. खोलीत हत्यार नव्हतं. कुणालाही अटक झाली नाही.

एक शेजारीण म्हणत होती, आतून आधी ठोकल्यासारखा आवाज येत होता, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. वाटलं, नारळ फोडत असेल.

भागोजींनी त्यानंतर तांडा सोडला. आते शेवटपर्यंत त्यांना एकच विचारत राहिली. तिला उंबऱ्याबाहेर काढली असती, तर ती तिकडे वाचली असती काय?

 भागोजी वारल्यावर आते मला विचारायला लागली.

मी म्हणायचो, नाही गं आते, तसं कुठे असतं.

आता तीही नाही. पण मला अजून वाटतं, मी तिला खोटंच सांगत होतो.