साठ रात्रींवर पाच

मंगळवारी चारच्या सुमारास ती हॉटेलात शिरली, ओली छत्री कोपऱ्यात टेकवली आणि काउंटरवरचा नवा कागद वाचून तिचं डोकंच फिरलं. 'निष्ठावान पाहुणे योजनेत सुधारणा.' सुधारणा कसली, तर आजवर साठ रात्री राहिलं की कंपनीच्या समुद्रकाठच्या हॉटेलात सात दिवस फुकट मिळायचे. उद्यापासून त्यासाठी दीडशे रात्री लागणार होत्या.

"निष्ठा आम्ही ठेवायची आणि नियम तुम्ही बदलायचे," ती म्हणाली. "बरं आहे हो तुमचं."

"माझं कसलं? मला सकाळी हा कागद चिकटवायला दिला," काउंटरवरचा तो म्हणाला. "आतापर्यंत चौघांनी झापलंय. तुम्ही पाचव्या."

यांची ओळख कशी, ते आधी सांगायला हवं. ती रक्त तपासायची यंत्रं दुरुस्त करायची. सव्वा वर्षापूर्वी पहिल्यांदा इथे उतरली, तेव्हा चारशे सात नंबरच्या खोलीतला नळ गळत होता. तिने खाली फोन केला. हा प्लंबरला घेऊन वर पोहोचेपर्यंत बाईसाहेब स्वतःचा पाना काढून नळ दुरुस्त करून मोकळ्या! "बिल कुणाच्या नावाने करू?" असं वर विचारलंही होतं. तेव्हापासून ती 'चारशे सात' झाली आणि तो 'काउंटर'. दर मंगळवारी किल्ली घेता घेता दोन मिनिटांच्या गप्पा अर्ध्या तासावर गेल्या.

ते सात दिवस आईचे होते. आईने जन्मात समुद्र दोनदा पाहिला, दोन्ही वेळा बसच्या खिडकीतून. लेकीने "तुला नेते" म्हटलं, त्याच दिवशी आईने नवी चप्पल आणून कपाटात ठेवली होती.

आणि खरी गोम अशी, की साठ रात्री कधीच्याच भरल्या होत्या. त्याच सुमारास तिचं इथलं कामही संपलं. आता यंत्रं होती तासाभरावरच्या दुसऱ्या गावात. ते सात दिवस मागून घेतले, की इथे यायला काही निमित्तच उरत नव्हतं. म्हणून ही मुलगी गप्प बसली. दर मंगळवारी काम आटपून बसने धक्के खात इथे येत राहिली, आणि घरी सांगत राहिली, "अजून थोड्या रात्री राहिल्यात गं." आज तिला त्या चपलेची आठवण झाली आणि स्वतःचीच लाज वाटली.

"माझ्या... किती झाल्या असतील हो?" बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत तिने विचारलं.

"पासष्ट," तो म्हणाला. समोरच्या स्क्रीनकडे त्याने बघितलंही नाही.

तिने बॅग खाली ठेवली.

"साठ झाल्या की पाहुण्यांना सांगायचं असतं," तो हळूच म्हणाला. "मी नाही सांगितलं. काम दुसरीकडे गेल्याचं तुम्ही इथेच उभ्या राहून फोनवर बोलत होतात... म्हटलं, सांगितलं तर ही बाई परत यायची नाही."

"म्हणजे माझ्या आईचा समुद्र तुम्ही अडवून ठेवलात?"

"ठेवला. चुकलंच माझं." मग मान वर करून तो म्हणाला, "पण तुम्हाला मोजता येत नव्हतं? रक्तातल्या पेशी मोजणारी यंत्रं दुरुस्त करता तुम्ही."

तिचे कान तापले. "येत होतं."

"मग?"

"मग काय मग? तुम्ही ज्यासाठी गप्प बसलात, त्याचसाठी मी बसले."

त्याने घाईघाईने की-बोर्ड पुढे ओढला. "आधी आईंचं नाव सांगा. उद्या उजाडलं की काही हाती लागायचं नाही."

तिने नाव सांगितलं, वय सांगितलं. त्याने समुद्राकडची खोली शोधून काढली आणि छापलेला कागद तिच्या हातात दिला. तिने तिथूनच घरी फोन लावला. "आई, चप्पल बाहेर काढ," एवढंच बोलून तिने फोन ठेवला.

"आजची खोली?" किल्लीकडे हात नेत त्याने विचारलं.

"नको. रद्द करा."

त्याचा हात तिथेच थांबला. चेहरा असा उतरला, की तिला मनातून बरंच वाटलं.

"तुमची ड्यूटी सहाला सुटते," ती म्हणाली. "माझी शेवटची बस नऊला आहे. मधे तीन तास आहेत."

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "पण... अजून दीड तास थांबावं लागेल तुम्हाला."

"सव्वा वर्ष थांबलेय," ती म्हणाली आणि समोरच्या सोफ्यावर जाऊन बसली.