तिरडीवरचा पोट्टा

माझ्या नातीनं ज्या पुरुषाचा हात पहिल्यांदा धरला, तो तिरडीवर होता. नाकात कापूस, गळ्यात झेंडूचा हार, अंगावर पांढरं कापड.

नवरात्रात यवतमाळच्या देवी पाहायला अख्खा जिल्हा लोटतो. माझी ही नात, वैष्णवी, नर्सिंग शिकायला तिथं काकाकडं राहते, आणि मी नवरात्रापुरती बाभुळगावहून त्याच लेकाकडं गेले होते. संध्याकाळ झाली की आम्ही दोघी निघायचो. कुठं पुठ्ठ्याचा डोंगर आणि त्यावर देऊळ, कुठं कारंज्यातली देवी, कुठं लेकरांसाठी आकाशपाळणा. पिपाण्या, फुगे, भज्यांचा वास.

मग एका गल्लीत शिरलो आणि पिपाण्या एकदम गप्प झाल्या. निळा बल्ब. पायापायातून रांगणारा धूर. तिथल्या मंडळानं हेल्मेटचा जिवंत देखावा केला होता, म्हणजे खरं माणूस मूर्तीसारखं निश्चल ठेवतात तसा. चेंदामेंदा झालेली मोटरसायकल, बाजूला तिरडी, तिरडीवर पोरगा. उशाशी त्याची बायको म्हणून साडीच्या दुकानातली बाहुली, पांढरी साडी नेसवून, कपाळ कोरं ठेवून बसवलेली. त्या जागेवर खरी पोरगी बसवायला कोणत्या घरानं तयार व्हावं? बाहुलीचे डोळे मात्र असे, की तुम्ही कुठंही उभे राहा, ती तुमच्याकडंच पाहते. मागं टेपवर बायांचं रडणं लावलेलं.

लेकरं आयांच्या पदरात तोंड लपवत होती. आमची बाई दोरी ओलांडून आत.

"आजी, याची छाती हालून नाही राह्यली."

मी म्हटलं, मुडदा आहे तो, नाचणार आहे का. पण तिनं त्याच्या मनगटावर बोटं ठेवलीसुद्धा. थोडा वेळ काहीच नाही… मग मढ्याचे ओठ हलले. हलले म्हणजे, धुरात दिसले न दिसले.

"लागली का नाडी?"

"लागली," तीही तितक्याच हळू बोलली. "लय पळून राह्यली."

"आतापर्यंत बरी होती."

इथं पोरीनं हात मागं घ्यायला पाहिजे होता. घेतला नाही.

त्याचं नाव प्रफुल्ल. गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान आहे त्याचं. त्याचा जिवलग दोस्त पिंटू गेल्या वर्षी गाडीवरून पडून गेला. हेल्मेट हँडलला लटकलेलं होतं. म्हणून मंडळानं हा देखावा ठरवला. पण तिरडीवर झोपायची वेळ आली तेव्हा मंडळातले सगळे पहिलवान आपापल्या घरी कामं आठवून निघून गेले. प्रफुल्ल झोपला. आणि आमच्याकडच्या बायांच्या मनात एक धाक असतो. जिवंतपणी जो तिरडीवर चढला, त्याचा पिच्छा तिरडी सोडत नाही. त्याच्या घरी जी जाईल तिचं कपाळ लवकर पुसलं जातं. प्रफुल्लचं महागावला जमलेलं लग्न तिकडच्यांनी फोनवरच मोडलं.

हे सगळं मला वैष्णवीनं सांगितलं. तिला कोणी सांगितलं, हे विचारायची गरज नव्हती. रोज "चाल आजी, देवी पाहू" म्हणायची, आणि कोणत्याही रस्त्यानं निघालो तरी पाय त्याच गल्लीत. मी म्हातारी आहे, बहिरी नाही.

"आज उशीर केला," मढं म्हणायचं.

"दवाखान्यात दुसरेही पेशंट हायेत मले."

"ते जिवंत असतील."

"हो ना. पण तुमच्याइतकं बोलत नाहीत."

पांढऱ्या कापडाखाली त्याचं पोट हसण्यानं थरथरायचं, आणि रांगेतली एखादी बाई किंचाळायची. बाहुली मात्र तशीच पाहत असायची, वैष्णवीकडं. मला ते पाहणं आवडत नव्हतं. जणू ती म्हणत होती, ये… ही जागा तुझीच आहे.

घरी मी साफ सांगितलं, तिरडीवरचा पोट्टा या घराचा जावई होणार नाही. कोरं कपाळ म्हणजे काय ते तिचे आबा गेल्यापासून मी भोगते आहे, मला कोणी शिकवू नये. वैष्णवी भांडली नाही. डोळे भरून आले होते तिचे, पण आवाज साधा.

"आजी, आबा कोणत्या देखाव्यात झोपले होते वं?"

मी दिवा लावायच्या निमित्तानं उठले.

अष्टमीला आम्ही तिथं उभ्या असताना लाइट गेली. अख्खा रस्ता अंधारला. गाणी थांबली, टेप थांबली. पण रडणं थांबलं नाही.

एकच बाई रडत होती. बारीक, दात दाबून. गल्लीतल्या गर्दीत ढकलाढकली सुरू झाली. मी वैष्णवीचा हात चाचपला, तर तिच्या हातावर दुसरा हात होता. थंडगार. पावडर लावलेला. मी देवीचं नाव घेत हात मागं ओढला.

"भेऊ नका आजी, मी हाय," तिरडीवरून आवाज आला. "रडते ते पिंटूची माय हाय. रोज येते. टेपमंधी तिचं रडणं कोणाले ऐकू येत नाही."

"तुले काय पाहाले येते ती?" मी विचारलं.

"पिंटूचं तोंड तिले पाहू नव्हतं देलं. पाहण्यासारखं राह्यलं नव्हतं." थोडं थांबून तो म्हणाला, "मले पाहून घेते. म्हणून ती असली का मी हालत नाही, आजी."

लाइट आली तेव्हा तो पुन्हा मेलेला होता. दुसऱ्या दिवशी "चाल, देवी पाहू" मीच म्हटलं.

नवमीला गेलो तर बाहुली नव्हती. बाहुली ओळखून गिऱ्हाइकं दुकानात पाय ठेवायला भ्यायला लागली म्हणून साडीवाला तिला घेऊन गेला होता. उशाची जागा रिकामी. देखावा अर्धाच दिसत होता, आणि मंडळाची पोरं एकमेकांकडं पाहत होती.

वैष्णवीनं दोरी ओलांडली आणि त्या जागेवर जाऊन बसली.

मंडळातली एक काकू लगबगीनं पांढरी साडी घेऊन आली. "खांद्यावरून घे वं पोरी. बांगड्या काढ, टिकली काढ. घडीभराचं तं नाटक हाय."

वैष्णवीनं साडी बाजूला सारली. बांगड्या वाजल्या.

"नाही काढत," ती म्हणाली. "याची नाडी मी पाह्यली हाय. हा जिवंत हाय. आन् मी… मी याच्या घरी जाणार हावो, तं टिकली लावूनच जाईन."

बाया कुजबुजल्या. माझ्या मागची एकजण म्हणाली, कोणाची पोट्टी आहे ही, घरात कोणी मोठं माणूस आहे का नाही. अशा वेळी जीभ माझं ऐकत नाही, मनाचं ऐकते.

"माझी नात हाय," मी वळून सांगितलं. "आन् तिरडीवर हाय तो माझा नातजावई. पाह्यलं ना? मंग सरका पुढं."

वैष्णवीनं माझ्याकडं पाहिलं. मग वाकली, आणि दोन बोटांनी त्याच्या नाकातला कापूस काढला. एका बाजूचा, मग दुसऱ्या बाजूचा.

"घे आता श्वास," ती त्याला म्हणाली.

त्यानं डोळे उघडले. पण उठला नाही. तिच्याकडं पाहून हसला आणि नजर गर्दीत फिरवली, कोणाला तरी शोधत. मढं हसलं म्हणून पुढची रांग ओरडत मागं पळाली, चपला तिथंच. धुरात एक बाई तेवढी उभी राहिली. काळी-सावळी, वाळलेली. हळूहळू पुढं आली, त्याच्या गळ्यातला झेंडूचा हार दोन्ही हातांनी उतरवला, आणि त्याच्या केसांतून हात फिरवला.

"ऊठ रे बापा," पिंटूची माय म्हणाली. "लय झोपला."

तेव्हा तो उठला. आम्ही चौघं त्या निळ्या गल्लीतून देवीच्या उजेडाकडं निघालो. पुढं ते दोघं होते, हातात हात घालून, अख्ख्या यवतमाळदेखत… आणि मी हात सोडा म्हटलं नाही.