बाहेरून पाना धरणारा

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. मी बोटी दुरुस्त करतो. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. पण हे माझ्यासोबत घडलंय, आणि तेही रात्री-बेरात्री नाही. शुक्रवारी, भर दुपारी अडीच वाजता, बोटी दुरुस्तीला चढवतात त्या यार्डात.

बोट माझ्या सख्ख्या मोठ्या भावाची. दादाने नोकरी सोडली आणि लोकांना फिरवायला एक जुनी बोट घेतली. वहिनीचा जीव टांगणीला. "भाऊजी, तुम्ही स्वतः बघा हां सगळं," एवढंच ती म्हणाली होती.

तळाला चार भोकं होती. इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी आत घेतात, नको ते बाहेर सोडतात, ती ही भोकं. प्रत्येकात धातूचं जाड फिटिंग, त्यावर व्हॉल्व्ह, आणि इंजिनाच्या वाटेवर कचरा अडवणारा जाळीचा डबा. सगळंच बदलायचं होतं. पाण्यात असताना यातलं एक जरी तुटलं, तर बोट पंधरा मिनिटांत तळाला.

काम दोघांचं. एकाने बाहेरून पान्याने फिटिंग धरायचं, दुसऱ्याने आतून नट आवळायचा. बाहेरच्याने सोडलं की सगळं गरागरा फिरतं. आतलं बाहेर नीट ऐकू येत नाही, म्हणून ठोके. एक म्हणजे धर. दोन म्हणजे झालं, पुढचं दे. तीन म्हणजे थांब.

आता खरं सांगतो. तीन फिटिंग नवीकोरी, खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या गनमेटलची होती. चौथं, इंजिनाचं, सगळ्यात मोठं... ते मिळालंच नाही. बोट पाण्यात उतरवणारी क्रेन त्याच संध्याकाळची होती, नाहीतर पंधरा दिवस थांबा. मी माझ्या खोक्यातलं एक जुनं पितळी फिटिंग घासून चकाचक केलं आणि दादाला म्हणालो, "नवीनच आहे." खाऱ्या पाण्यात पितळ आतून सडतं, गुलाबी पडून ठिसूळ होतं, हे मला पाठ आहे. तरीही.

दादाने बाहेरून तीन फिटिंग सीलंट लावून आत सरकवली. मी आत शिरलो, ग्राइंडरने गंज घासला आणि आडवा झालो.

ठक.

बाहेरून उत्तर आलं.

ठक.

नट आवळला. फिटिंग तसूभरही हललं नाही. एरवी दादाचा हात निसटतो, मग माझी शिवी, मग त्याची. त्या दिवशी काहीच नाही.

"काय रे, अंगात हत्ती शिरलाय का?" मी ओरडलो.

उत्तर नाही...

दादा गप्प बसणारा माणूस नाही. झोपेतही बडबडतो. पण मी कामाच्या नादात होतो. दुसरं झालं. तिसरं झालं. पाना एकदाही निसटला नाही.

चौथ्या भोकापाशी सरकलो. दोन ठोके दिले.

फिटिंग आत आलं नाही.

ठक... ठक... ठक.

थांब.

"आता काय झालं?" मी भोकाला डोळा लावला. खाली ऊन पडलेलं काँक्रीट. फळीवर ते पितळी फिटिंग. दादाचे पाय कुठेच नाहीत.

मी बघत असतानाच... माझ्या गालापासून वीतभर अंतरावर...

ठक. ठक. ठक.

मी झटकन मागे सरकलो.

आणि तेवढ्यात लांबून, गेटकडून, शिट्टी ऐकू आली. दादाची.

शिडीवरून उतरलो की पडलो, आठवत नाही. "कुठे होतास?"

"क्रेनवाल्याकडे. पाऊण तास झाला. ओरडून सांगितलं की, तुझा ग्राइंडर चालू होता." त्याने खाली वाकून बघितलं. "आयला, तिन्ही एकट्याने बसवलीस? शाबास!"

मी चकार शब्द काढला नाही. चौथं त्याच्या मदतीने बसवलं. हो, तेच. काही बोललो असतो तर सगळंच सांगावं लागलं असतं. संध्याकाळी बोट पाण्यात उतरली.

चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पाचव्या दिवशी फोन केला.

"दादा, ते चौथं... जुनं आहे. बोट बाहेर काढ."



"तुटलं ते," तो म्हणाला. "परवाच. किनारा दिसतही नव्हता. तुझी वहिनी वर होती. जाळी साफ करायची म्हणून व्हॉल्व्ह बंद करायला गेलो, तर फिटिंगसकट हातात आला. तुटलेली कड गुलाबी पडलेली."

"आणि पाणी?"

"नाही आलं."

"म्हणजे?"

"भोक सताड उघडं आणि थेंब नाही. बाहेरून काहीतरी दाबून धरलं होतं."

"पिशवी अडकली असेल..."

"मी हात लावला. पिशवी गरम असते का रे?"



"अशा वेळेसाठी शेजारीच बांधून ठेवलेलं लाकडी बूच घेतलं, टेकवलं. तसं ते... बाजूला झालं. मग पाण्याची चिळकांडी उडाली, आणि मी बूच ठोकलं."

मला रडू फुटलं. "दादा, कोण असेल रे?"

"बाहेर कोण होतं ते मला विचारू नकोस. त्याने धरून ठेवलं. आत तू होतास. तू काय केलंस?"

त्याने फोन ठेवला.

मी चौकशी केली. बोटीचा जुना मालक ठणठणीत आहे. त्या बोटीवर कधी कोणी दगावलं नाही, त्या यार्डातही नाही. मग ते कोण... मला आजही माहीत नाही. बोटीच्या तळाशी एकट्याने आडवं व्हायला मी अजून घाबरतो.

दादाने वहिनीला काहीच सांगितलेलं नाही. गेल्या रविवारी घरी गेलो, तर तिने हसत चहाचा कप पुढे केला. "भाऊजी, काम तुम्ही केलंत ना, म्हणून मला घोर नव्हता."

दादा समोरच बसला होता. तो काही बोलला नाही, आणि मी चहा प्यायलो.