कामी आले

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण माझी मावशी थापा मारणाऱ्यातली नाही. हे घडलं भर दुपारी, रेकॉर्डिंग स्टुडिओत.

मावशीचा आवाज गोड. म्हणून जलसंग्रहालयाचं काम तिला मिळालं. तिथे हेडफोन लावला की शहरात पाणी आणणाऱ्या मोठ्या साहेबांची गोष्ट ऐकू येते.

साहेब म्हणजे देवमाणूस, असं सगळेच म्हणतात. पण त्यासाठी खणलेल्या बोगद्यात पाणी घुसलं, तेव्हा शहर वाचवायला लोखंडी दार बंद करायचा हुकूमही त्यांचाच.

आत मजूर होते.

त्यांत माझ्या आजीचे वडील.

पुढे आजीला साहेबांनीच शिकवलं. त्यामुळे घरात कुणाला त्यांना धड शिव्याही देता आल्या नाहीत.

मावशीला वाचायला दिलेल्या मजकुरात एकच ओळ होती. 'बोगद्यात काही मजूर कामी आले.'

"कामी आले? लढाईवर गेले होते का ते?" मावशी उखडली. "दार बंद केलं, असं लिहा ना."

"ताई, शाळेची मुलं ऐकणार," संग्रहालयाचे संचालक म्हणाले. "साहेबांच्या नावाला बट्टा नको."

मावशीने नाक मुठीत धरून ओळ वाचली. रेकॉर्डिस्टने ती परत ऐकवली.

'...काही मजूर कामी आले.'

मग...

ठक... ठक...

लोखंडावर कुणीतरी ठोकत होतं.

आणि एक दमलेला आवाज... "आलो नाही... आम्ही अजून बाहेर आलोच नाही..."

रेकॉर्डिस्टने घाबरून सगळ्या वायरी तपासल्या. पुन्हा रेकॉर्ड केलं. पुन्हा तेच.

शेवटी मावशीने कागद बाजूला ठेवून स्वतःच्या मनाने वाचलं. "साहेबांनी शहराला पाणी दिलं. दार बंद करायचा हुकूमही त्यांनीच दिला. माणसं आत होती."

या वेळी ठकठक नव्हती...

संचालकांनी मात्र जुनीच ओळ ठेवली. त्यांना काही ऐकूच येत नव्हतं.

संग्रहालय उघडल्यावर मावशी आजीला तिथे घेऊन गेली. वडील गेले तेव्हा आजी पाळण्यात होती. मावशीने तिला काहीच सांगितलं नाही, फक्त हेडफोन लावून दिला.

आजीचे डोळे भरून आले.

"अगं... ठमी म्हणतायत मला. ठमी फक्त बाबा म्हणायचे, आई सांगायची."

मावशीला रडू आवरेना. शेजारून शाळेची मुलं हेडफोन लावून, खिदळत पुढे सरकत होती.

"इतकी माणसं ऐकतायत ना गं?" आजीने विचारलं. "मग दार का उघडत नाही कुणी?"

मी अजून तिथे गेलेलो नाही. हिंमत होत नाही. ठकठक ऐकू येईल याची भीती आहेच... पण मलाही ती ऐकू आली नाही तर?