घसरती सरक

वजा तीस अंशांच्या शीतकोठडीचं दार आपोआप बंद होऊन अडकलं, तेव्हा आत केळस्कर होते आणि बाहेर डॉ. मृणालिनी हेर्लेकर. बीजपेढीतले भाताचे चार हजार वाण जपायचं काम केळस्करांचं. अंगात फक्त स्वेटर. एवढ्या थंडीत माणूस वीस मिनिटांत गारठून कोसळतो, हे संचालक म्हणून हेर्लेकरबाईंना पाठ होतं. दार हातानं कसं उघडायचं, ते मात्र नव्हतं.

ते भिंतीवरच्या पडद्यावर होतं. त्यांनी ‘आपत्कालीन सूचना’ उघडल्या. पान सर्रकन शेवटाला गेलं आणि तिथे एक चौकट आली : ‘वाचले, समजले.’ त्यांनी पान वर ओढलं. ते पुन्हा खाली. बोट दाबून धरलं, तरी खाली.

“अहो ठोसर, हे काय करून ठेवलंय तुम्ही?” त्या फोनवर अक्षरशः ओरडल्या.

पडद्यांची ‘सरकमेळ’ यंत्रणा ठोसरांनी बांधली होती. “मॅडम, मजकूर जसा तशी सरक, म्हणजे पान सरकायची चाल. बातम्या अखंड वाहतात, अर्ज पानापानानं उलटतो, कविता ओळीओळीला थांबते. तुमचं पान कुठल्या प्रकारात पडलंय?”

“ते तुमच्या यंत्राला विचारा!”

“यंत्राला अर्थ कळत नाही हो. लोक वाचतात कसं, त्यावरून ते प्रकार ठरवतं. थांबा, नोंद बघतो.” ठोसर जरा चाचरले. “हे ‘कुणी न वाचायचा मजकूर’ म्हणून लागलंय. त्याला घसरती सरक. लोकांना फक्त शेवट हवा असतो ना.”

“कुणी सांगितलं त्याला असं?”

“तुम्हीच सगळ्यांनी. दर जूनमध्ये सुरक्षा-वाचन असतं. एकशे चाळीस जण, सरासरी तीन सेकंद. तुमचे दोन.”

बाईंना कानकोंडं झालं. चौकटीवर बोट टेकवून दर वेळी त्या कुठल्यातरी मीटिंगला पळालेल्या होत्या. आता चिडायचं तरी कुणावर?

“बंद करा ती यंत्रणा.”

“पुन्हा चालू व्हायला चाळीस मिनिटं. तोवर पडदा काळा.”

“माझ्याकडे दहासुद्धा नाहीत, ठोसर! छापील प्रत...” वाक्य त्यांनी अर्धवटच सोडलं. गेल्या वर्षी कचेरीतून कागद त्यांनीच हद्दपार केला होता.

“एक मिनिट,” ठोसर म्हणाले. “एक जण आहे. दर वर्षी सव्वीस मिनिटं, शब्दन्‌शब्द. यंत्रानं ती नोंद चुकीची समजून गाळून टाकलीय.”

“कोण? आत्ताच्या आत्ता बोलवा त्याला!”

“केळस्कर.”

बाईंनी तेव्हा कुठे पडद्यावरची नजर काढून दाराच्या काचेकडे पाहिलं. पलीकडे केळस्कर उभे होते, ओठ काळेनिळे पडलेले. त्यांनी खाली जमिनीकडे बोट दाखवलं. मग तीन बोटं. मग मूठ बाईंच्या डावीकडे फिरवली आणि स्वतःकडे ओढली. काचेतून आवाज येत नव्हता.

बाई गुडघ्यांवर बसल्या. दाराच्या तळाशी चार खटके होते. तिसरा त्यांनी डावीकडे फिरवून ओढला आणि दार सुटलं.

केळस्कर भिंत धरत बाहेर आले. दात इतके वाजत होते, की पहिले शब्द कळलेच नाहीत. दुसऱ्यांदा नीट कळले.

“मॅडम, दहा मिनिटं झाली हात करतोय. मान वर कराल तर ना!”