लहान फोटोतली लाट

मी पायथॉनमध्ये वेबसाइटला जोडायची छोटी छोटी प्लगइन्स लिहून फुकट वाटतो. फुकट वापरणाऱ्यांचे दोन प्रकार: आभार मानून गायब होणारे आणि सकाळी उठून आधी तक्रार करणारे. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली लविना पक्की दुसऱ्यातली.

तिने बंदरावरच्या होड्यांची स्टॅटिक वेबसाइट केली होती. पानं एकदा तयार करून ठेवली की ती आपणहून बदलत नाहीत. माझं प्लगइन मोठ्या फोटोंवरून पानांसाठी लहान फोटो बनवायचं. बस.

त्या दुपारी ती एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या घरी लॅपटॉप आणि बोंबलांची पिशवी घेऊन आली.

"लाच आहे, अंकल. तुमच्या प्लगइनने माझा भाऊ खाल्ला."

फादरांनी होडीला आशीर्वाद दिला त्या दिवशीचा फोटो. झेंडूच्या माळा, ओळीने उभे खलाशी. मोठ्या फोटोत मधोमध तिचा भाऊ गॉडफ्रे, लाल टोपीत. लहान फोटोत त्याच्या जागी समुद्र. पुसल्याची खूण नाही. मोठ्या फोटोत त्याच्या पाठीमागे झाकलेली लाट इथे सलग पुढे गेली होती.

"कापला गेला असेल," मी म्हणालो. मलाच पटलं नाही. माझा प्रोग्राम फोटो लहान करतो. माणसामागचं शोधून आणायची अक्कल मी त्यात घातलेली नाही.

"मम्मी बोलते, फोटोत दिसत नाय तवर पान्यात जायाचा नाय. हा घरात बसून आमचं डोकं खातो. होडीचा तांडेल बोलला, उद्या नाही आला तर दुसरा माणूस घेतो."

दोष सापडला नाही की तो जिथे दिसतो ती जागाच काढून टाकायची, ही आमच्या धंद्यातली सवय. मी फोटो लहान करणारी ओळच काढली. पानावर मोठाच फोटो आला. गॉडफ्रे हजर.

"झालं दुरुस्त?"

"झालं."

ती गेली. बोंबील छान होते.

दुसऱ्या दिवशी सहज जुन्या तक्रारी चाळल्या. एका परदेशी गृहस्थाने लिहिलं होतं, लहान फोटोत माझी बायको दिसत नाही. 'माझ्याकडे असं होत नाही' म्हणून मी तक्रार बंद केली होती. खाली त्याचं एक उत्तर होतं, मी कधी न उघडलेलं.

'बंद केलीत ते बरं. काल तिला पुरलं.'

मी लविनाला फोन लावला. "गॉडफ्रेला थांबव."

"होडी सकाळीच गेली, अंकल. का?"

मी फोन ठेवला.

होडी परतेपर्यंत मी लॅपटॉप उघडला नाही.

मग तिचा मेसेज आला. 'आला हो! उगाच घाबरवलंत. हा बघा, माझ्या बाजूला.'

सोबत फोटो. मोठा, स्वच्छ. मागे माशांचा लिलाव, टोपल्या. मम्मी डोळे पुसत होती. लविना हसत होती.

तिचा उजवा हात बाजूला, खांद्याच्या उंचीवर टेकलेला.

हाताखाली कुणी नव्हतं.

तिच्या बोटांवरून पाणी ठिबकत होतं.