शंभराव्या प्रयोगाची माद्रीना

"अहो, निळ्या स्वेटरवाल्या... हो, तुम्हीच! जरा वर या ना!"

नायेलीने मागे वळून पाहिलं. मागच्या खुर्चीत एक आजोबा पेंगत होते आणि त्यांचा स्वेटर तपकिरी होता. म्हणजे रंगमंचावरून हाक मारणारा माणूस तिलाच बोलावत होता. हा माणूस पाच मिनिटांपूर्वीपर्यंत शवपेटीत मेलेला पडला होता.

"जा की गं!" शेजारच्या सोकोर्रोने कोपर मारलं. "मेलेल्या माणसाने बोलावलं तर नाही म्हणू नये."

"मी नाही जाणार."

"तिकिटाचे पैसे वसूल होतील, जा," पलीकडून मारिसेला म्हणाली.

या दोघींनीच तिला हलाप्याहून राजधानीत ओढून आणलं होतं. दोन दिवस नाटकं पाहायची, चांगलंचुंगलं खायचं आणि नायेलीला हसवायचं, एवढाच बेत. "रडायचंच असेल तर निदान भरल्या पोटी रड," असं सोकोर्रोने तिला बसमध्येच बजावलं होतं. नायेलीने दोन दिवसांत तीन नाटकं पाहिली, मिरची-चॉकलेटचं झणझणीत मोले खाल्लं, भाजलेला मासा खाल्ला, प्रत्येक वेळी न विसरता "छान आहे हं" म्हणाली. हसली मात्र एकदाही नाही.

दहा महिन्यांपूर्वी, लग्नाला सहा दिवस उरले असताना, फाबियान चार ओळींची चिठ्ठी ठेवून निघून गेला होता. केकची माद्रीना, अंगठ्यांची माद्रीना, वेदीपुढे गुडघे टेकायच्या उशांची माद्रीना... लग्नातल्या एकेका वस्तूचा भार धर्ममाता होऊन ज्यांनी हौसेने उचलला होता, अशा एकोणीस जणांच्या दारी नायेली स्वतः गेली आणि ज्याची वस्तू त्याला परत करून आली. कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही. सगळ्यांनी तिला मिठी मारली, आणि त्या एकोणीस मिठ्याच तिला सोसवल्या नाहीत.

आणि आता हा बाबा चारशे लोकांसमोर म्हणत होता, "आमच्या नाटकाला माद्रीना हवी आहे!"

नाटकाचा शंभरावा प्रयोग झाला की नाट्यगृहात पितळी पाटी लागते, आणि पाटीवरचा पडदा माद्रीनाने दूर करायचा असतो. मालिकेतली एक नटी कबूल झाली होती, पण ऐनवेळी तिने पाठ फिरवली. लोक आता टाळ्या वाजवून हाकारत होते. नायेली उठली ती केवळ टाळ्या थांबाव्यात म्हणून. तिने पडदा ओढला. पाटीवर त्या न आलेल्या नटीचं नाव आधीच कोरलेलं होतं.

"दोन शब्द बोला," तो कुजबुजला.

"हे नाटक... लोकांना खूप हसवतं," नायेली म्हणाली. "मी पाहिलं."

"तुम्ही सोडून सगळ्यांना," तो तिच्याच कानाशी म्हणाला.

त्याचं नाव एवारिस्तो. नाटक त्यानेच लिहिलं होतं. मयताच्या घरी जमलेले नातेवाईक भांडतात आणि मयत शवपेटीतून ते सगळं ऐकतो, अशी त्याची गंमत होती. माद्रीनाला उपाशी धाडायचं नाही, असा त्यांच्या मंडळीत रिवाज, म्हणून प्रयोगानंतर सगळे एका चिनी माणसाच्या कॉफीगृहात गेले. लांब टेबल, सूप, गोड पाव, आणि काचेच्या उंच ग्लासात कडक कॉफी. एवारिस्तो बरोबर नायेलीच्या समोर बसला. बाजूची खुर्ची रिकामी असूनही समोर... हे सोकोर्रोने टिपलं.

"मेलेल्या माणसाला सगळं दिसतं बरं का," तो म्हणाला. "अर्धे डोळे उघडे ठेवून पडलेलो असतो मी. शंभर प्रयोगांत इतका गंभीर चेहरा पहिल्यांदाच पाहिला. वाटलं, आपण खरंच मेलो आणि रडायला हे एकच माणूस आलंय."

"सॉरी."

"अहो, सॉरी कशाला? बरं वाटलं मला."

तिने मान खाली घातली. कान मात्र तापले. दहा महिन्यांत कुणी तिच्याकडे कीव न करता पाहिलं नव्हतं. काय करावं ते न सुचून तिने चमचा उचलला आणि ग्लासवर वाजवला... टिंग, टिंग, टिंग.

बारा माणसांनी हातातले घास खाली ठेवले. दिग्दर्शक तर उभाच राहिला. "माद्रीना बोलणार आहेत!"

नायेलीला भूमी दुभंगावी असं वाटलं. तिच्या मुलखात ग्लास असा वाजवला की वेटर गरम दुधाची किटली घेऊन येतो. राजधानीत तो वाजवतात भाषणाला.

"मला... दूध हवं होतं," ती म्हणाली.

सगळ्यांत आधी हसला एवारिस्तो. तो तिच्याच मुलखातला, वेराक्रूझ बंदरातला, त्याला लगेच उमगलं. मग सगळं टेबल हसलं, आणि मग नायेलीच्या तोंडून असा काही आवाज फुटला की मारिसेलाने पाव खाली टाकला. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"घ्या!" एवारिस्तोने कपाळाला हात लावला. "शंभर प्रयोग मी जिवाचं रान केलं, आणि कोमाद्रे हसल्या कशाला, तर दुधाला!"

"कोमाद्रे?"

"मग? नाटकाचा बाप मी, माद्रीना तुम्ही. म्हणजे आपण कोमाद्रे-कोंपाद्रे झालो. धर्माचे भाऊ-बहीणच म्हणा, आता जन्मभर अहो-जाहो. लग्न, बारसं, मयत, सगळीकडे मला बोलवावं लागणार तुम्हाला."

"आणि कोंपाद्रे कोमाद्रेकडे असा बघत बसला, तर?" सोकोर्रोने विचारलं. "माझी आजी म्हणायची, नरकातसुद्धा जागा मिळत नाही अशांना."

"मी कुठे बघतोय? मी साखर शोधतोय."

"साखर तुमच्या कोपराशी आहे. उगाच ताकाला जाऊन भांडं लपवू नका!"

तो लाजला. चांगला तिशीतला माणूस, पण कानापर्यंत लाल झाला. मग थोड्या वेळाने, बाकीचे आपापल्या गप्पांत रमल्यावर, हळू आवाजात म्हणाला, "शंभरावा प्रयोग शेवटचाच होता. नाट्यगृहाचा मालक तिथे चपलांचं दुकान काढतोय. परवा मी पार सरहद्दीवर, तिहुआनाला निघालो, भावाच्या गाद्यांच्या दुकानात. नाटकं बास आता."

"का?"

"या नाटकात माझी विधवा असते ना, ते काम साठ प्रयोग करणारी मुलगी माझी होणारी बायको होती. एकसष्टाव्याला दुसरी आली." तो हसला, पण ते हसू ओठांपुरतंच होतं. "म्हणून म्हणतो, कोमाद्रेचं नातं बरं. प्रेयसी सोडून जाते. कोमाद्रेला जाताच येत नाही."

नायेलीला ते इतकं पटलं की तिच्या काळजात चर्र झालं.

संध्याकाळी सातच्या बसला तो त्यांना पोचवायला आला. बाहेर जानेवारीची भुरभुर लागली होती. दोघी मैत्रिणी मुद्दाम पुढे गेल्या. फाटकापलीकडे तिकीटवाल्यांनाच सोडत होते.

"पत्र लिहीन, कोमाद्रे," तो म्हणाला. "तुम्हीही लिहा. माझी माद्रीना कुठेतरी आहे एवढं कळलं तरी पुरे."

नायेलीने मान हलवली. दोन पावलं पुढे गेली. खरंच पुरे होतं की... वर्षातून चार पत्रं, नाताळचं एक कार्ड. कुणी कुणाला सोडून जायचं नाही. कुणाच्या दारी जाऊन काही परत करायचं नाही. अशी सुरक्षित ती गेले दहा महिने होतीच, आणि त्या सुरक्षितपणात ती रोज थोडी थोडी मरत होती.

ती परत फिरली.

"मला तुझी कोमाद्रे नाही व्हायचं."

एवारिस्तोच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "माझं काही चुकलं का?"

"पाटीवर नाव त्या नटीचं आहे. तिला लिही पत्रं." तिचा आवाज कापत होता, तरी ती थांबली नाही. "मला न तुटणारं नातं नको आहे, एवारिस्तो. मला ते दुसरं हवंय... जे तुटतं."

"नायेली, मला फार भीती वाटते गं."

"मलाही वाटते."

"चला ताई, बस सुटतेय!" फाटकावरचा माणूस ओरडला आणि त्याने तिला जवळजवळ आत ढकललंच. एवारिस्तो तसाच उभा. नायेली बसच्या पायरीपर्यंत पोचली. मग एकाएकी त्याने फाटकाचे गज धरले आणि भर स्थानकात, शंभर प्रयोग घासलेल्या आवाजात ओरडला, "हलाप्यात कुठे?"

"बाजारामागे! औषधाच्या दुकानात!"

"ईस्टरला येतो! ऐकलंस? ईस्टरला!"

"काय म्हणाला गं, काय म्हणाला?" जागेवर बसताच दोघींनी तिला घेरलं.

"येतो म्हणाला," नायेली म्हणाली.

येईल, किंवा येणारही नाही. गेल्या खेपेस तिने फाबियानवर जसा डोळे मिटून विश्वास टाकला होता, तसा आता तिला टाकता येत नव्हता. तरी ईस्टरला किती आठवडे उरलेत, ते ती बोटांवर मोजू लागली.